शब्दचर्चा : ‘न्यूट्रलायझिंग अँटिबॉडी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

करोना लसींवरील प्रयोगशाळेतल्या संशोधनाविषयी मराठीत लिहिताना ‘न्यूट्रलायझिंग अँटिबॉडी’ (विषाणूला पेशीत शिरण्यापासून अडवणारी अँटिबॉडी) या संज्ञेपाशी हमखास अडायला होते. अँटिबॉडीसाठी, म्हणजे शरीराने रोगजंतूविरुद्ध तयार केलेल्या संरक्षक प्रथिनासाठी, ‘प्रतिपिंड’ रुळला आहे, पण विशेषण म्हणून ‘तटस्थ करणारी’, ‘उदासीनकारक’ आणि ‘निष्क्रिय करणारी’ अशी निरनिराळी रूपे वाचायला मिळतात. यांपैकी कोणते स्वीकारावे?

प्रतिसाद

‘तटस्थ’ सरळ बाजूला ठेवावे. तो माणसाच्या भूमिकेविषयीचा शब्द आहे. ‘उदासिनीकरण’ शालेय रसायनशास्त्रातून आले आहे. तिथे आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया होऊन क्षार व पाणी तयार होते, म्हणजे मूळ पदार्थच बदलतात. प्रतिपिंडाचे काम तसे नाही. करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाचा, म्हणजे स्पाइकचा, जो भाग आपल्या पेशीवरील एसीई-२ या ग्राहीला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतो, त्या भागावर प्रतिपिंड आधीच बसले, तर विषाणूला पेशीत शिरता येत नाही. काही प्रतिपिंडे स्पाइकच्या इतर भागांवर बसूनही हेच साधतात. विषाणूचा आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य) मात्र आत शाबूत असतो. अडलेली असते ती त्याची वाट.

‘निष्क्रिय’ या शब्दावरचा माझा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण याच विषयात त्याला आधीपासून नेमून दिलेले काम आहे. कोव्हॅक्सिन ही ‘निष्क्रिय विषाणूची लस’ आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा केलेला विषाणू भारत बायोटेकने व्हेरो पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये) वाढवला आणि बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनाने त्याची वाढण्याची क्षमता कायमची नष्ट केली. ही क्रिया खऱ्या अर्थाने निष्क्रिय करणे होय. पुढे लस घेतलेल्या व्यक्तीचे रक्तजल (सीरम) चाचणीसाठी येते, तेव्हा ते ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून त्यातील पूरक प्रथिने (रोगजंतूंवर स्वतंत्रपणे हल्ला करू शकणारी ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिने) निष्क्रिय केली जातात, जेणेकरून दिसणारा परिणाम प्रतिपिंडांचाच असेल. आता प्रतिपिंडांनाही ‘निष्क्रिय करणारी’ म्हटले, तर एकाच परिच्छेदात निष्क्रिय विषाणू, निष्क्रिय रक्तजल आणि निष्क्रिय करणारी प्रतिपिंडे एकत्र येतात, आणि काय कशामुळे निष्क्रिय झाले हे वाचकाला उलगडत नाही.

म्हणून मी ‘निष्प्रभकारी प्रतिपिंडे’ असे लिहितो आणि क्रियेला ‘निष्प्रभीकरण’ म्हणतो. विषाणू आहे, पण त्याचा प्रभाव चालत नाही, हा नेमका अर्थ त्यातून मिळतो. रक्तजलाची विषाणूला अडवण्याची ताकद मोजणाऱ्या प्लाक-घट चाचणीचे वर्णन या शब्दांत करून पाहावे. रक्तजल टप्प्याटप्प्याने विरल करतात, प्रत्येक टप्प्यात जिवंत विषाणूची ठरावीक मात्रा मिसळतात आणि मिश्रण ३७ अंशांवर तासभर ठेवून पेशींच्या सलग थरावर ओततात. निष्प्रभ न झालेला विषाणू पेशी मारत जातो, आणि काही दिवसांनी थर रंगवला की मेलेल्या पेशींच्या जागी रंग न धरलेले गोल ठिपके उमटतात, हेच प्लाक. ज्या सर्वाधिक विरल टप्प्यावर ही संख्या निम्म्याने घटलेली असते, तो त्या रक्तजलाचा निष्प्रभीकरण टायटर. जिवंत विषाणू हाताळायचा असल्याने हे काम जैवसुरक्षा स्तर ३ च्या प्रयोगशाळेतच करावे लागते.

प्रश्न

‘बॉम्ब निकामी केला’ असे आपण सहज म्हणतो, मग ‘निकामी करणारी प्रतिपिंडे’ का नको? आणि एलायझा चाचणीत आढळणाऱ्या प्रतिपिंडांनाही निष्प्रभकारीच म्हणावे का?

प्रतिसाद

व्याख्यानात किंवा आकाशवाणीवर बोलताना ‘निकामी’ उत्तमच आहे आणि तो अस्सल बोलीतला शब्द आहे. लेखनात मात्र त्यापासून नाम, विशेषण आणि मोजमापाची संज्ञा अशी सगळी रूपे सुटसुटीत बनत नाहीत.

दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. एलायझा केवळ प्रतिपिंडे प्रतिजनाला (विषाणूच्या ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनाला) चिकटतात का, एवढेच दाखवते, म्हणून तिथे ‘बंधक प्रतिपिंडे’ म्हणावे. चिकटणारे प्रत्येक प्रतिपिंड विषाणूला अडवतेच असे नाही. मे २०२० मध्ये पुण्यात विकसित झालेली ‘कवच’ ही एलायझा चाचणी सर्वेक्षणासाठी अत्यंत उपयोगी होती, पण तिच्या सकारात्मक निकालातून निष्प्रभीकरणाची क्षमता कळत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित रक्तद्रवावरूनही निष्प्रभीकरण आणि बंधन यांची एकके वेगवेगळी मोजली जातात. दोन आकडे एका तक्त्यात शेजारी मांडले, तरी त्यांची तुलना करता येत नाही.

‘निष्प्रभ’ हा शब्द विषाणूपुरताच राखावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. करोनाच्या ओमायक्रॉन या उपप्रकाराविरुद्ध निष्प्रभीकरण टायटर बराच घसरला, यावरून ‘लस निष्प्रभ ठरली’ असे लिहिणे चूक आहे, कारण टी-पेशींची (संसर्गित पेशी ओळखणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींची) स्मृती या चाचणीत मोजलीच जात नाही, आणि गंभीर आजारापासूनचे संरक्षण संसर्गापासूनच्या संरक्षणापेक्षा अधिक टिकून राहिले. अशा वेळी ‘टायटर घटला’ एवढेच लिहावे. तसे लिहिताना ‘१:८०’ हा आकडा ‘१:४०’ पेक्षा मोठा टायटर दर्शवतो, हेही कंसात सांगावे, कारण दुप्पट विरल करूनही काम करणारे रक्तजल अधिक समर्थ असते.