अलाइनचं बटण की डोळा?

जुना डीटीपीवाला:
दुकानात नवा पोरगा आलाय. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं सिलेक्ट करतो, 'ई' (आडव्या ओळीत मध्य जुळवायची की) दाबतो आणि म्हणतो, "दादा, एका ओळीत आलं." काल पत्रिकेवर 'अनिकेत' आणि 'पूजा' शेजारी शेजारी होते. ई दाबल्यावर पूजा वर, अनिकेत खाली. (लग्नाआधीच!) सॉफ्टवेअरला नावाभोवतीची न दिसणारी चौकट कळते, शिरोरेषा कळत नाही. अनिकेतच्या डोक्यावर वेलांटी नि मात्रा, पूजाच्या पायाशी ऊकार. चौकटींचे मध्य जुळले आणि रेघ तुटली. बटण दाबा, पण शेवटचा हात डोळ्यानेच फिरला पाहिजे.

वेक्टरवेडा:
अजिबात पटलं नाही. तुम्ही चुकीचं बटण दाबलंत आणि खापर सॉफ्टवेअरवर फोडताय. मजकूर कर्व्ह करण्याआधी, म्हणजे अक्षरांची नुसती आकृती करण्याआधी, बेसलाइनवर (अक्षरं जिच्यावर बसतात त्या रेषेवर) अलाइन करायचा पर्याय तिथेच आहे. फॉन्ट नि साइज एकच असेल तर शिरोरेषा आपसूक जुळते. डोळ्याने लावलेलं उद्या दुसऱ्या पत्रिकेवर तसंच्या तसं लावून दाखवा बरं.

जुना डीटीपीवाला:
पार्टीची फाइल कर्व्ह होऊनच येते हो. त्यात दोन नावं दोन फॉन्टांत. मग बेसलाइन जुळूनही शिरोरेषा वरखाली. शेवटी गाइडलाइन ओढून बाणाच्या कीने एकेक नाव सरकवावं लागतं.

वेक्टरवेडा:
गाइडलाइन म्हणजे मोजमापच झालं की!

आयकॉनवाली:
मी डोळ्याच्या बाजूने. गोलात प्लेचा त्रिकोण सेंटर करून बघा, डावीकडे कललेला दिसतो. त्याचं वजन पायाकडे असतं. मी तो उजवीकडे ढकलते.

वेक्टरवेडा:
किती ढकलता? समभुज त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पायापासून उंचीच्या तिसऱ्या भागावर, चौकटीचा मध्य निम्म्यावर. फरक उंचीच्या सहाव्या भागाचा. तेवढंच सरकवा, दरवेळी तेच येईल. फिरवतानाही हीच भानगड. पेनने काढलेला त्रिकोण 120 अंशांत फिरवला की स्वतःवरच बसायला हवा. बसत नाही, कारण फिरण्याचा बिंदू चौकटीच्या मध्यावर असतो. तो आधी ओढून गुरुत्वमध्यावर न्या. आणि अशोकचक्र डोळ्याने काढणार का? 24 आरे, दर आऱ्यात 15 अंश. एक आरा काढा, बिंदू चक्राच्या मध्यावर ठेवा, 15 अंश द्या नि कॉप्या मारा.

आयकॉनवाली:
सहाव्या भागाचं मान्य, पण टोकं गोलवलेली असली की तेही थोडं जास्तच वाटतं. मी अजूनही मागे सरकून, डोळे बारीक करूनच बघते.

जुना डीटीपीवाला:
चक्राच्या बाबतीत हार मान्य. फक्त कॉप्या 23 द्यायच्या, पहिला आरा धरून 24 होतात. आमच्या पोराने 24 दिल्या. शेवटचा आरा बरोबर पहिल्यावर बसला, स्क्रीनवर काही कळलंच नाही. विनाइलचं स्टिकर कापताना कटर त्या रेषेवरून दोनदा फिरला आणि विनाइलखालचा कागदही चिरला.

वेक्टरवेडा:
आणि डोळ्याला दिसलं नाही!