पेमेंट हब की पेमेंट गेटवे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं सॉफ्टवेअर वर्षाच्या वर्गणीवर वापरायला देण्याचं काम आहे. एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून ऑनलाइन पैसे घ्यायला दोन गेटवे जोडलेत, बँक खाती तीन. मागच्या आठवड्यात एका विक्रेत्याने दीड तास स्लाइडा दाखवल्या आणि "तुम्हाला आता हबच हवा" असं ठरवून टाकलं. भागीदाराला लगेच पटलं. मला अजून पटलेलं नाही.

खरा त्रास हिशेबाचा आहे. परवा बँकेत ३७ ऑर्डरींचे पैसे एकाच ओळीत जमा झाले. त्यातून फी कापलेली, आधीच्या आठवड्यातले दोन रिफंडही त्यातूनच वळते केलेले. आमच्या हिशेब बघणाऱ्या ताईंची अख्खी सकाळ एक्सेलमध्ये गेली.

दुसरी भानगड म्हणजे एका ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले. पहिल्या गेटवेचं उत्तर वेळेत आलं नाही, म्हणून आमच्या कोडने तेच पेमेंट दुसऱ्याकडे पाठवलं. पाच मिनिटांनी पहिल्याकडूनही 'यशस्वी' आलं!

हब घेतला तर गेटवे काढायचे का? आणि कार्डाच्या माहितीची जबाबदारी वाढते का? जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

गेटवे निघत नाहीत. ग्राहकाकडून कार्डाची माहिती घेणं, ती सुरक्षितपणे पुढे बँकेकडे पोचवणं, थ्रीडी सिक्युअरची (ओटीपीसारखी ओळख पटवण्याची) पायरी पार पाडणं आणि हो-नाही कळवणं हे त्यांचंच काम. हब त्याच्या मागे बसतो. हे मुळात बँका आणि मोठ्या कंपन्यांचं प्रकरण: पैसे येणं आणि जाणं दोन्ही, पुरवठादारांची बिलं, पगार, दहा बँकांचे दहा फॉरमॅट, सगळं एका जागी आणून कुठलं पेमेंट कुठल्या मार्गाने पाठवायचं ते ठरवणं. बँकेला पेन.००१ (पैसे पाठवायच्या सूचनेची) फाइल पाठवायची, कॅम्ट.०५३ (खात्याचं) स्टेटमेंट वाचायचं, असली कामं.

स्विफ्टवर, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यावर, बँकांमधल्या पेमेंटसाठी जुन्या एमटी साच्यातले आणि नव्या आयएसओ २००२२ साच्यातले (पेन, कॅम्ट त्यातलेच) संदेश सोबत चालायचा काळ नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. त्या स्लाइडांत हे होतंच ना? ती बँकांची डोकेदुखी, तुमची नाही.

विक्रेत्याला एकच विचारा: तुमचा हब आमच्या बँकांची स्टेटमेंट वाचतो का, आमची देणी पाठवतो का? दोन्हीला 'नाही' म्हणाला तर तो फक्त गेटवेंमधली वाटणी विकतोय. त्याला ऑर्केस्ट्रेशन म्हणतात.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललंय.

दोनदा कपात हबशिवायही थांबते. उत्तर न येणं म्हणजे पेमेंट फसणं नव्हे. आधी पहिल्या गेटवेला स्टेटस विचारा, तिथलं पेमेंट रद्द झाल्याची खात्री करा, मगच दुसऱ्याकडे जा. आयडेम्पोटन्सी की (तीच मागणी पुन्हा आली तर पैसे पुन्हा कापू नयेत म्हणून सोबत पाठवायची खूण) वापरताच असं कोणी म्हणेल, पण ती एकाच गेटवेपुरती चालते. दुसऱ्याला पहिल्याचं काय ठाऊक?

आता कार्डाचं. गेटवेच्याच पानावर नंबर भरून घेत असाल तर पीसीआय डीएसएसची (कार्डाच्या माहितीच्या सुरक्षेच्या नियमांची) छोटी प्रश्नावली, एसएक्यू ए, साधारण पुरते. मार्ग निवडण्यासाठी नंबर तुमच्या सर्व्हरवरून जायला लागला की थेट एसएक्यू डी, म्हणजे सगळ्यात मोठी प्रश्नावली. तो फरक एकदा डोळ्यांनी बघा, मग भागीदाराला दाखवा. वर्गणीवाल्यांनी टोकनचंही (कार्ड नंबराऐवजी जपून ठेवलेल्या सांकेतिक क्रमांकाचं) विचारायलाच हवं: जतन केलेली कार्डं कोणाच्या तिजोरीत, आणि सोडून जाताना ती हलवून मिळतील का? लेखी घ्या. आम्ही घेतलं नव्हतं. शेवटी प्रत्येक ग्राहकाला ईमेल करून कार्ड पुन्हा भरायला लावलं, आणि कितीतरी जण परत आलेच नाहीत.

हिशेबासाठी तुमचा ऑर्डर नंबर प्रत्येक पेमेंटसोबत गेटवेला पाठवताय ना? सेटलमेंट रिपोर्टमध्ये, म्हणजे बँकेत जमा केलेल्या रकमेच्या गेटवेने दिलेल्या तपशिलात, तो परत येतो.

धागाकर्ती

आत्ताच दोन्ही रिपोर्ट उघडून पाहिले. दोन्हींत 'मर्चंट रेफरन्स' असा रकाना आहे आणि पहिल्या दिवसापासून रिकामा आहे. आम्ही तिथे कधी काही पाठवलंच नाही. सोमवारपासून पाठवतोय. विक्रेत्याला प्रतिसाद १ मधला प्रश्न ईमेल केलाय, भागीदाराला अजून काही बोलले नाही.