इंटरनेट प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि पीसीवर विंडोज १०: आधी पैसे कुठं घालायचे?

जुळे_सोलापूरकर
आमच्या सोसायटीत निम्म्या घरांनी १०० एमबीपीएसवरून ३०० चा प्लॅन घेतला. त्याच घरांतल्या पीसीवर विंडोज १० आहे, जिचा नेहमीचा मोफत सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरच्या वापराला १०० भरपूर झाले. नेटफ्लिक्ससुद्धा फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. वरचे पैसे मशीनच्या सुरक्षेवर घाला. २०१७ चं वॉनाक्राय रॅन्समवेअर (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) आठवा: पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्ये आला, हल्ला मे महिन्यात झाला. पॅच टाकलेली मशीन त्यातून वाचली.

अक्कलकोट_रोड_टॉवेल
तुमचा हिशोब डाउनलोडचा आहे, साहेब. आमच्या टॉवेलच्या धंद्याचं सगळं अपलोडवर चालतं. जॅकार्डच्या (नक्षीदार विणकामाच्या) डिझाइन फायली पाठवायच्या, बायरला व्हिडिओ कॉलवर माल दाखवायचा, त्यात कॅमेऱ्यांचं फुटेज दिवसभर क्लाउडवर जात असतं. जुन्या प्लॅनला अपलोड इतकं तोकडं होतं की बायरला टॉवेलचा रंग नीट दिसत नव्हता. आणि पीसीचं म्हणाल तर चौथ्या पिढीचा आय-थ्री आहे, विंडोज ११ त्याला घेतच नाही. ऑर्डरी कमी असताना नवीन मशीन कुठून आणू? बँकेचं सगळं मोबाइलवर करतो. चालतंय की!

जुळे_सोलापूरकर
बँक मोबाइलवर असेल, पण पार्ट्यांची खाती आणि डिझाइनं त्याच पीसीत आहेत ना? रॅन्समवेअर नेमक्या त्याच फायलींना कुलूप लावतं. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की घरगुती विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट फुकट मिळतात. आजच करा. डेटा एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तिच्यातल्या फायलीही जातात.

नवी_पेठ_रिपेअर
दोघांनाही सांगतो. दुकानात येणाऱ्या कितीतरी मशीनवरची विंडोज क्रॅक केलेली, म्हणजे चोरीची असते. सोबत सूचना असते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. मालक, चोरालाच किल्ली दिल्यावर अपडेट काय करणार?

स्पीडचं तर विचारू नका. राउटर लोखंडी कपाटामागं, जुना लॅपटॉप वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या हळू पट्ट्यावर. केबल लावली तरी त्याच्या लॅन पोर्टची मर्यादा १०० एमबीपीएस, म्हणजे प्रत्यक्षात ९५ च्या आसपास. ३०० चे पैसे भरून माणूस ९५ वापरतो. राउटरचा लॉगिन पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ तसाच. २०१६ मध्ये मिराय बॉटनेटनं (हॅक केलेल्या उपकरणांच्या जाळ्यानं) असेच मूळ पासवर्ड वापरून कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. टॉवेलवाले मालक, तुमच्या कॅमेऱ्यांचे पासवर्ड आधी बदला.

जुन्या मशीनला विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाका. फुकट आहे, अपडेटही येतात.

हिशेब_तपासनीस
दादा, लिनक्सचा सल्ला देणं सोपं आहे. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाही. माझ्याकडं वर्षानुवर्षांची पत्रं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, ती नुसत्या आजच्या युनिकोड फॉन्टनं उघडली की अक्षरांचा खिचडा होतो. मार्चअखेरीला क्लायंट दारात असताना मी नवीन सिस्टिम शिकत बसू?

माझा राग वेगळाच आहे. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही, प्रोसेसर जुना आहे, एवढ्यावरून ठणठणीत मशीन नापास करायचं, हा ग्राहकावर अन्याय आहे. सुरक्षेसाठी अट हवी हे मान्य. पण आणखी पाच वर्षं साधे सुरक्षा अपडेट द्यायला काय हरकत होती?

अक्कलकोट_रोड_टॉवेल
ताई, अगदी मनातलं बोललात. कॅमेऱ्यांचे पासवर्ड आज रात्रीच बदलतो, फुकटचे अपडेटही चालू करतो. ३०० चा प्लॅन मात्र सोडणार नाही.

जुळे_सोलापूरकर
तुमचा धंदा आहे, तुम्ही ठेवा. माझं म्हणणं त्या घरांसाठी आहे जिथं संध्याकाळी दोन मोबाइल आणि एक टीव्ही चालतो.