नववा महिना आणि गोव्याचा पाऊस

ताई, पाय सुजतात, रात्रभर झोप नाही आणि बाळंतपणाची तारीख जुलैअखेरची, असं तुम्ही लिहिलंय. डाव्या कुशीवर झोपा, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये उशी घ्या. संध्याकाळी पाय सुजणं नेहमीचंच. पण चेहरा, हात एकदम सुजले, डोकं ठणकू लागलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर सकाळची वाट पाहू नका, लगेच रक्तदाब तपासून घ्या. काही जणी म्हणतात की शेवटी शेवटी बाळ कमी हलतं. हे कृपया मानू नका. हालचाल मंदावली असं वाटलं तर तडक दवाखाना गाठायचा.

आता लंगोटांचं. म्हापसा काय नि फोंडा काय, जुलैत कपडे वाळतच नाहीत; दोरीवरच्या लंगोटांना कुबट वास येतो. असं दमट कापड बाळाच्या अंगाला लावू नये. मेचं ऊन आहे तोवर जुन्या सुती साड्यांचे भरपूर तुकडे धुऊन, कडक वाळवून ठेवा. पावसात इस्त्री फिरवूनच वापरा. फाइल आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जायचं ठरलं असेल तर रात्री गाडी कोण काढणार हे आत्ताच पक्कं करा. कोणीच नसेल तर १०८ची रुग्णवाहिका आहे. सोबतीला आई येताहेत ना?