मदत हवी आहे: बी.एड. झालेल्या भाचीला परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळेल का?

वर्धाकाठ
नमस्कार मंडळी. भाची आर्वी तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग नागपूर विद्यापीठाची बी.ए. (इंग्रजी) आणि बी.एड. सध्या तालुक्यातल्याच एका शाळेत दोन वर्षांपासून शिकवते. एक एजंट म्हणतो, दीड लाख भरा, टुरिस्ट व्हिसावर थायलंडला जा, तिथं पोचलं की वर्क परमिट होऊन जाते. घरचे सोयाबीनचे पैसे द्यायला तयार झालेत. कोणत्या देशात खरंच संधी आहे? 120 तासांचा ऑनलाइन टेफल (परक्यांना इंग्रजी शिकवायचा) कोर्स करावा का? आणि कागदपत्रांची सुरुवात कुठून करायची?

खडूफळा
भाऊ, पहिलं म्हणजे सोयाबीनचे पैसे घरातच राहू द्या. टुरिस्ट व्हिसावर शिकवणं थायलंडमध्ये बेकायदा आहे. तिथं नॉन-बी म्हणजे नोकरीचा व्हिसा लागतो, त्यावर वर्क परमिट आणि शिक्षक परिषदेची परवानगी लागते. आणि "तिथं गेल्यावर बघू" या बोलीवर थायलंडला गेलेल्या भारतीय पोरांना पुढं म्यानमारमधल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेऊन डांबल्याचे प्रकार घडलेत. परराष्ट्र मंत्रालयाने 2022 मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

एजंटचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी, तेही पावती देऊनच घेता येतं. दीड लाख मागणारा इथंच उघडा पडतो.

आता देश. दक्षिण कोरियाच्या खासगी क्लासेसमध्ये भारतीयांना जागा नाही. त्या क्लासेससाठीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे शिक्षकपात्रता असलेल्या भारतीयाला शाळेत सहायक शिक्षक म्हणून वाट आहे, पण तिच्या भरवशावर बसू नये. जपानला इंग्रजीतून 12 वर्षं शिक्षण झालेलं लागतं. मराठी माध्यमाचं गाडं तिथंच अडतं, पोरगी कितीही हुशार असो. चीनही मुख्यतः इंग्रजी मातृभाषेच्या देशांतलेच शिक्षक घेतो.

राहिले थायलंड, व्हिएतनाम आणि आखात. पहिल्या दोन देशांत पदवीसोबत इंग्रजीचा पुरावा लागतो. आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा नागपुरात देता येते, निकाल दोन वर्षं चालतो. तिथल्या बऱ्याच शाळा जाहिरातीतच "फक्त नेटिव्ह" लिहितात आणि आपल्याला पगारही कमी देतात, हे मनात धरूनच अर्ज करावा. माझ्या मते तिच्यासाठी सगळ्यात सरळ रस्ता आखातातल्या सीबीएसई शाळांचा. तिथं बी.एड. आणि दोन वर्षांचा अनुभव हेच मुख्य भांडवल, आणि ते तिच्याकडे आहे. इंग्रजीची टीजीटी (पदवीधर शिक्षक) ही जागा बघावी. पीजीटीला (पदव्युत्तर शिक्षक) एम.ए. लागतं. वर्ष एप्रिलात सुरू होतं, म्हणून डिसेंबरपासूनच जाहिरातींवर लक्ष ठेवा.

शिक्काकागद
टेफलबद्दल: 120 तासांच्या ऑनलाइन कोर्सला कुणाचं सरकारी नियंत्रण नाही. प्रत्यक्ष वर्ग न घेता मिळालेल्या प्रमाणपत्राला चांगली शाळा फार मोल देत नाही. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिकवायच्या कोर्समध्ये परीक्षकासमोर 6 तास खरोखर शिकवावं लागतं. खर्चिक आहे, पण त्याला वजन आहे. आखातासाठी मात्र दोन्ही नकोत, बी.एड. पुरे.

डेमो तासाची तयारी आजपासूनच करा. ओळ वाचायची आणि तिचा मराठीत अर्थ सांगायचा ही आपल्याकडची सवय तिथं पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडते, कारण पोरांना मराठी येतच नाही. "समजलं का?" विचारून उपयोग नसतो, पोरं हो म्हणतात. अर्थ कळला की नाही हे दाखवणारा छोटा प्रश्न विचारायचा. उच्चारात 'शिप' आणि 'शीप', 'व्हाइन' आणि 'वाइन' यांतला फरक, शिवाय शब्दातला आघात. फोटोग्राफमध्ये तो शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर ('फो'), फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर ('टो'). आपण सगळे तुकडे सारख्याच जोराने बोलतो, म्हणून ऐकणाऱ्याला ते कानाला खटकतं.

वर्धाकाठ
मनापासून आभार, घरी वाचून दाखवतो. एक अडचण आहे. पदवी तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतलेली. आणि मार्कशीटवर आडनाव वानखडे, आधारवर वानखेडे.

शिक्काकागद
भाचीला सांगा, दोन्ही आत्ताच निस्तरा, याच दोन गोष्टींत महिने जातात. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही, म्हणून साक्षांकनाला तो घेत नाहीत. घरी इस्त्री फिरवून प्लास्टिक काढायला जाऊ नका, शाई त्यासोबत निघून येते. विद्यापीठाकडे पदवीच्या दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र चालत नाही, दीक्षान्ताची पदवीच लागते.

आडनावात मार्कशीट, पदवी आणि पासपोर्ट अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. मार्कशीट आणि पदवी दोन्हींवर वानखडे असेल तर आधार बदला, ते सोपं. पासपोर्ट त्यानंतर काढा. मार्कशीटवर आडनाव आधी येतं त्याची काळजी नको, पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो.

मग क्रम असा: पदवीवर आधी राज्य शासनाचं साक्षांकन, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचं. ओमान, बहरीन आणि सौदीसाठी मंत्रालयाचं अपोस्टिल (परदेशात चालणारा साक्षांकनाचा शिक्का) चालतं, त्याचं सरकारी शुल्क कागदामागे 50 रुपये. यूएई, कतार आणि कुवेतसाठी मात्र त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो आणि खर्च बराच वाढतो. पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयातून 500 रुपयांत मिळतं. ते नोकरीचं पत्र हातात आल्यावरच काढा, कारण बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतलंच मागतात. आखाताच्या वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे असतो. जुन्या क्षयाचा डाग दिसला तरी अपात्र ठरवतात, म्हणून पैसे गुंतवण्याआधी वर्ध्यात एक साधा एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवून घ्या.