संत्रा बागेतील मोटार-नियंत्रकासाठी रेडिओ मोड्यूल : डब्ल्यूपीसीची मान्यता नेमकी कशाची घ्यायची?

हिंगणा_युनिट (प्रश्नकर्ता)

नमस्कार. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत मी दोन सहकाऱ्यांसह एक लहान युनिट चालवतो. काटोल आणि नरखेड भागातील संत्रा बागायतदारांसाठी आम्ही एक उपकरण तयार केले आहे. बागेत पुरलेला सेन्सर मातीतील ओल मोजतो आणि विहिरीवरच्या स्टार्टरशेजारी बसवलेला डबा ती माहिती रेडिओवरून घेऊन मोटार चालू किंवा बंद करतो. आंबिया बहाराचा ताण (फुलोऱ्यासाठी काही काळ पाणी बंद ठेवणे) तोडल्यानंतर पहिली पाणी पाळी मोजून द्यावी लागते आणि कृषिपंपाची वीज बहुतेक वेळा रात्री येते, त्यामुळे शेतकऱ्याचा रात्रीचा हेलपाटा वाचावा हाच आमचा मूळ हेतू होता.

रेडिओसाठी आम्ही सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळणारे ४३३ मेगाहर्ट्झचे मोड्यूल वापरले. त्याची शक्ती १०० मिलीवॉट आहे. चॅनेल तिसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे ४३४.२ मेगाहर्ट्झचा ठेवला आहे, आणि लोखंडी पाइपावर ५ डीबीआयचा अँटेना लावून १ किलोमीटरहून थोडे अधिक अंतर मिळते. असे २३ संच सध्या वापरात आहेत.

आता एका शेतकरी उत्पादक कंपनीने ६० संचांची मागणी केली असून, खरेदीपूर्वी डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विभागाची) मान्यता दाखवावी अशी अट घातली आहे. मोड्यूल विकणाऱ्याने मला एफसीसी (अमेरिकी) आणि सीई (युरोपीय) मान्यतेचे कागद दिले आणि ‘हा बँड फ्री आहे, काही लागत नाही’ असे सांगितले. ते बरोबर आहे का? मान्यता मोड्यूलची घ्यायची की संपूर्ण डब्याची? डब्यात मोबाइलवरून सेटिंग करण्यासाठी ब्लूटूथही आहे; त्याचा वेगळा विचार करावा लागतो का? ज्यांनी ही प्रक्रिया स्वतः केली आहे त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

तरंगलांबी

नमस्कार. दूरसंचार क्षेत्रात बरीच वर्षे काम केल्यामुळे हा प्रश्न मी अनेक लहान उत्पादकांकडून ऐकला आहे, आणि दर वेळी गोंधळ ‘फ्री बँड’ या दोन शब्दांतून सुरू झालेला असतो. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय वायरलेस उपकरण जवळ बाळगण्यासही मनाई केली होती. त्याच कायद्यात सरकारला सूट देण्याचा अधिकार आहे, आणि आपण ज्याला फ्री बँड म्हणतो ती प्रत्यक्षात राजपत्रात अधिसूचना काढून दिलेली अशी एकेक सूट आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्याची व्यवस्था केली असली, तरी नव्या कायद्याशी विसंगत नसलेले जुने नियम पुढे चालू राहतील अशी तरतूद त्यातच आहे. प्रत्येक सुटीला स्वतःची चौकट असते: वारंवारता किती, शक्ती किती, वाहक लहरीची रुंदी किती आणि कधी कधी वापर कुठे करायचा. या चौकटीपैकी एकही बाजू ओलांडली की सूट संपते आणि उपकरण विनापरवाना ठरते. शिवाय सूट असते ती परवान्यापासून. उपकरण मान्यताप्राप्त प्रकाराचे असावे ही अट त्या नियमांतच आहे. त्या मान्यतेला इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, म्हणजेच ईटीए म्हणतात, आणि ती दूरसंचार विभागाचा वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विभाग देतो.

आता आपल्या मोड्यूलकडे पाहू. २०१२ च्या अधिसूचनेने ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात दिलेली सूट घरातील वा इमारतीच्या आतील वापरासाठी आहे; शक्तीची मर्यादा १० मिलीवॉट आणि चॅनेलची रुंदी १० किलोहर्ट्झ. आपले उपकरण उघड्या शेतात आहे, शक्ती दहापट आहे, वर उंचावर अँटेना आहे, आणि ४३४.२ मेगाहर्ट्झ त्या पट्ट्याच्याही बाहेर आहे. या प्रकारच्या मोड्यूलमध्ये पहिला चॅनेल ४३३.४ चा असतो आणि पुढचा प्रत्येक चॅनेल ४०० किलोहर्ट्झने वर सरकतो, त्यामुळे शंभर चॅनेलपैकी पहिले दोनच ४३४ च्या आत राहतात. हे कटू वाटेल, पण या मोड्यूलसाठी मान्यता मागण्यात वेळ घालवू नये. या वापरासाठी ती मिळण्याजोगी नाही.

आपल्याला हवा तो पट्टा ८६५ मेगाहर्ट्झचा आहे. २००५ मध्ये तो ८६५ ते ८६७ असा आरएफआयडी (रेडिओवरून वाचले जाणारे ओळख-टॅग) आणि तत्सम अल्पशक्ती उपकरणांसाठी खुला झाला आणि २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढवण्यात आला. येथे ट्रान्समीटरची शक्ती १ वॉटपर्यंत, अँटेनासह प्रभावी विकिरित शक्ती ४ वॉटपर्यंत आणि वाहक रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत चालते. बागेसाठी ही मुभा भरपूर आहे. लोरा, म्हणजे कमी शक्तीत लांबवर छोटे संदेश नेणाऱ्या रेडिओ पद्धतीची, चिप वापरणार असाल तर १२५ किलोहर्ट्झची रुंदी या चौकटीत बसते. २५० आणि ५०० किलोहर्ट्झची सेटिंग्ज बसत नाहीत, मग चिपमध्ये ती उपलब्ध असली तरी.

येथे एक सापळा आहे आणि तो मी मुद्दाम अधोरेखित करतो. बाजारात ‘८६८’ या नावाने मिळणारी मोड्यूल्स युरोपसाठी जुळवलेली असतात आणि त्यांची मूळ सेटिंग्ज ८६८.१, ८६८.३, ८६८.५ अशी असतात. ही तिन्ही आपल्या पट्ट्याच्या बाहेर आहेत. सोबत मिळणारा नमुना प्रोग्रॅम जसाच्या तसा चढवला तर चांगले मोड्यूलही नियमबाह्य चालते. भारतासाठी लोरावॅनचे (लोरावर आधारित नेटवर्क-मानकाचे) ठरलेले चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ आहेत. आपली प्रणाली लोरावॅनची नसली तरी ही मूल्ये घ्यायला हरकत नाही. ‘९१५’ ची अमेरिकी मोड्यूल्स मात्र घेऊच नयेत. अमेरिकेत ९०२ ते ९२८ हा पट्टा खुला आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल हँडसेट टॉवरकडे प्रक्षेपण करतात.

एफसीसी आणि सीईचे कागद भारतात मान्यता म्हणून चालत नाहीत. त्यामागचा चाचणी अहवाल मात्र उपयोगी पडू शकतो, कारण ईटीएचा अर्ज मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या आरएफ (रेडिओ लहरींच्या) चाचणी अहवालावर आधारलेला असतो आणि ती प्रयोगशाळा परदेशातील असली तरी चालते. फक्त अहवालात तपासलेली वारंवारता पाहावी. ८६८.३ वर मोजलेला अहवाल ८६५.४ बद्दल काहीच सिद्ध करत नाही. नव्याने चाचणी करायची असेल तर एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता असलेली खासगी प्रयोगशाळा किंवा मुंबईत पवईच्या आयआयटी परिसरातील ‘समीर’ ही सरकारी संस्था, असे पर्याय आहेत.

मोड्यूल की डबा, हा आपला प्रश्न योग्य आहे. ईटीए ठरावीक मॉडेलला, ठरावीक अहवालाच्या आधारे मिळते. मोड्यूलला ती आधीच असेल आणि आपण त्याच्या आरएफ भागाला हात लावला नसेल, तर त्या प्रमाणपत्राची प्रत हा आपल्या फाइलमधील पहिला कागद. आपण पुढे अ‍ॅम्प्लिफायर जोडला किंवा अधिक लाभाचा अँटेना लावला, तर अहवालातील उपकरण आणि शेतातील उपकरण ही दोन वेगळी उपकरणे होतात. आपला खरेदीदार उपकरणाचीच मान्यता मागत असल्यामुळे, अँटेनासह तयार मॉडेलची चाचणी करून आपल्या युनिटच्या नावाने ईटीए घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. अर्ज सरल संचार या पोर्टलवर होतो. काही वर्गांतील उपकरणांना तेथे स्वयंघोषणेने ईटीए मिळते, उरलेल्यांची छाननी होते. आपले उपकरण कोणत्या वर्गात येते ते अर्ज भरण्यापूर्वी पोर्टलवरच पाहून घ्यावे.

ब्लूटूथचा विचार वेगळा करावा लागतो. तो २.४ गिगाहर्ट्झचा दुसरा ट्रान्समीटर आहे आणि त्याची सूट २००५ च्या वेगळ्या अधिसूचनेखाली येते. त्या मोड्यूलच्या आयातदाराकडे ईटीएची प्रत मागावी. देण्यास टाळाटाळ झाली तर दुसरा पुरवठादार शोधावा.

रात्रीचा_श्रोता

वरील उत्तर पूर्ण आहे, तरी ४३४.२ हा आकडा वाचून मला लिहिणे भाग आहे. मी नागपुरातील परवानाधारक हौशी रेडिओचालक आहे. भारतात ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हा पट्टा हौशी सेवेकडे दुय्यम वापरासाठी आहे आणि त्यातील ४३५ ते ४३८ मध्ये हौशी उपग्रहांचे संकेत खाली येतात. ते इतके क्षीण असतात की गच्चीवर हाताने अँटेना फिरवत उपग्रहाचा माग काढावा लागतो आणि संपूर्ण फेरी दहा-बारा मिनिटांत संपते. अशा वेळी जवळपास कुठे १०० मिलीवॉटचे मोड्यूल दर काही सेकंदांनी बोलत असेल, तर त्या संकेताचा मागमूसही राहत नाही. आपण हे जाणूनबुजून केले नाही हे मला समजते. बाजारात कुणी सांगत नाही आणि मोड्यूलच्या पाकिटावरही काही लिहिलेले नसते.

कुणी आपल्याला ‘हौशी परवाना काढा म्हणजे झाले’ असा सल्ला दिला, तर तो कृपया मानू नये. हौशी सेवा स्वशिक्षण आणि प्रयोगासाठी आहे. तिच्या परवान्यावर व्यवसाय चालवता येत नाही, आणि शेतकऱ्याच्या विहिरीवर बसवलेले उपकरण कोणत्याही अर्थाने आपले हौशी केंद्र होत नाही.

एक तांत्रिक सूचना करतो. प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी स्वस्त एसडीआर डोंगलवर (संगणकाला जोडून रेडिओ लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या रिसीव्हरवर) आपले उपकरण स्वतः पाहावे. ट्रान्समीटरमधून मूळ वारंवारतेच्या दुपटीवरही नकोशी लहर निसटते; तिला दुसरी गुणज लहर म्हणतात. ८६६ मेगाहर्ट्झच्या दुप्पट १७३२ मेगाहर्ट्झ होतात, आणि ती जागा १८०० च्या मोबाइल बँडच्या अपलिंकमध्ये (हँडसेटकडून टॉवरकडे जाणाऱ्या भागात) येते. हल्लीच्या साध्या डोंगलची मर्यादा साधारण १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत असल्यामुळे ही दुसरी गुणज लहर तुम्हाला टेबलावरच दिसेल. डोंगलवरून अचूक आकडा मिळत नाही, पण दोन मोड्यूल्सपैकी कोणते अधिक अस्वच्छ आहे एवढे नक्की कळते. माझ्या पाहण्यातील एका मोड्यूलवर धातूची टोपी आणि अँटेनाकडचे फिल्टर दोन्ही नव्हते, आणि त्याची दुसरी गुणज लहर शेजारच्या खोलीतूनही स्पष्ट दिसत होती. अशा मोड्यूलवर चाचणीचे शुल्क भरणे व्यर्थ आहे.

हिंगणा_युनिट (प्रश्नकर्ता)

आपणा दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. वाचून अस्वस्थ झालो, कारण ते २३ संच मी स्वतः खांबांवर चढून बसवले आहेत. आजच सर्व शेतकऱ्यांना फोन करून रेडिओ बंद ठेवण्यास आणि तूर्त टायमरवर मोटार चालवण्यास सांगितले आहे. ८६५ च्या मोड्यूलवर ते संच आम्ही आमच्या खर्चाने बदलून देऊ.

दोन शंका उरल्या आहेत. संत्र्याची झाडे आता चार-पाच मीटर उंच झाली आहेत. वारंवारता दुप्पट केल्यावर पानांतून संकेत पोहोचेल का? आणि उत्पादक कंपनीची अशी इच्छा आहे की आम्ही एक सामायिक गेटवे (सर्व सेन्सरांची माहिती गोळा करून पुढे पाठवणारे उपकरण) बसवून सर्व सभासदांच्या बागांची माहिती वार्षिक शुल्क घेऊन द्यावी. त्यालाही हीच मान्यता पुरेल का?

तरंगलांबी

पहिल्या शंकेबद्दल: ८६५ वर पानांचा अडथळा अधिक जाणवेल हे खरे आहे, पण लोरा रिसीव्हरची संवेदनशीलता सर्वांत संथ सेटिंगला १२५ किलोहर्ट्झ रुंदीवर उणे १३७ डीबीएमच्या आसपास असते, आणि ती या अंतरासाठी मोठी शिल्लक आहे. शक्ती वाढवण्याआधी अँटेना झाडांच्या शेंड्यांच्या वर न्यावा. त्याचा लाभ कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा मोठा असतो. तसेच सर्वांत संथ सेटिंग सरसकट ठेवू नये. त्यात लहानसा संदेशही एक सेकंदाहून अधिक काळ हवेत राहतो, तर वेगवान सेटिंगला तोच एका सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो. आपल्या नियमात युरोपासारखी एक टक्का वेळेची मर्यादा नाही, पण हा पट्टा सर्वांच्या सामायिक वापराचा आहे आणि कुणाचा व्यत्यय झाला तरी संरक्षण मागता येत नाही. परवानाधारक वापरकर्त्याने आपल्याबद्दल तक्रार केली, तर उपकरण हलवणे किंवा बंद करणे आपल्याला बंधनकारक आहे. म्हणूनच संकेत तुटल्यास मोटार आपोआप बंद होईल अशी व्यवस्था प्रोग्रॅममध्ये ठेवावी. रेडिओवर विसंबून चालू राहिलेली मोटार कोरड्या विहिरीवर जळते.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. उपकरण विकून बाजूला होणे आणि शुल्क घेऊन जोडणीची सेवा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २०२२ मध्ये एम-टू-एम (यंत्र ते यंत्र) सेवा देणाऱ्यांसाठी, तसेच परवानामुक्त पट्ट्यातून एम-टू-एमसाठी व्यावसायिक जोडणी देणाऱ्यांसाठी नोंदणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. वार्षिक शुल्काचा गेटवे त्या कक्षेत येतो आणि नोंदणीही सरल संचारवरच होते. गेटवेमध्ये सिम असेल तर दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राच्या एमटीसीटीई या सक्तीच्या चाचणी-प्रमाणपत्र योजनेची उपकरणांची यादीही तपासावी. आयओटी (इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांच्या) गेटवेचा तीत समावेश आहे, आणि ईटीएच्या उलट तिथे चाचणी भारतातील नियुक्त प्रयोगशाळेतच करावी लागते. माझा सल्ला असा की पहिले ६० संच गेटवेशिवाय, सेन्सर आणि स्टार्टर एवढ्याच थेट जोडणीचे द्यावेत, आणि उत्पादक कंपनीशी करारातही उपकरणविक्री एवढेच शब्द ठेवावेत. गेटवेची मागणी नोंदणी झाल्यानंतर वेगळ्या करारात घ्यावी.

हिंगणा_युनिट (प्रश्नकर्ता)

समजले. दोन पुरवठादारांकडे ८६५ ते ८६८ साठीच्या ईटीएची प्रत मागितली आहे. एकाने प्रत पाठवली, पण तिच्यावरील मॉडेल क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर आमच्याकडे आलेल्या नमुन्यापेक्षा वेगळे आहे.

तरंगलांबी

मग ती प्रत त्या नमुन्याची नाही असेच धरावे. बहुधा ते अक्षर अँटेनाच्या जोडणीतील किंवा शक्तीतील फरक दाखवते. पुरवठादाराकडून प्रमाणपत्रावरील क्रमांकाचाच माल लेखी मागावा, आणि माल आल्यावर पैसे देण्यापूर्वी मोड्यूलवरील छापील क्रमांक भिंगाने वाचून घ्यावा.