बीडीएसच्या मुलांना फिजिऑलॉजी-फार्माकॉलॉजी कसं शिकवता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी खानदेशातल्या एका डेंटल कॉलेजात आहे, एमडी फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र), पण माणसं कमी म्हणून फर्स्ट इयरचं फिजिऑलॉजीपण (शरीर कसं चालतं ते) माझ्याच गळ्यात पडलंय. फळ्यावर नेफ्रॉन (किडनीतली बारीक गाळणी) काढायला घेतला की मागच्या बाकावरून हळूच येतं, "सर, हाई आमना काय कामनं शे?" (हे आमच्या काय कामाचं?) राग येत नाही हो, कारण दातांशी नेमकं काय जोडून सांगावं ते मलाही पटकन सुचत नाही. पेनकिलर आणि किडनी एवढंच सांगतो आणि पुढे सरकतो.

सेकंड इयरला जरा बरं चालतं. पू झालेल्या दाताला इंजेक्शन देऊनही पेशंट का ओरडतो असं विचारलं की सगळे माना वर करतात. मग लिग्नोकेनचा (बधिर करायच्या औषधाचा) पीकेए, म्हणजे ज्या पीएचला औषध निम्मं चार्ज असलेलं आणि निम्मं बिनचार्जचं असतं तो, 7.9 च्या आसपास, सुजलेल्या जागी पीएच खाली गेलेला, नर्व्हच्या आवरणातून आत शिरणारा बिनचार्जचा भाग त्यामुळे अजून कमी उरतो, हे सगळं न कंटाळता ऐकतात.

पण गणित आलं की बोंब. 60 किलोच्या पेशंटला अॅड्रिनलिनसकट 2% लिग्नोकेन जास्तीत जास्त किती, 7 मिग्रॅ प्रति किलो धरून? उत्तर 420 मिग्रॅ, म्हणजे 21 मिली. निम्म्या वर्गाचं आलं 210 मिली!! 2% म्हणजे एका मिलीत 2 मिग्रॅ असंच धरून चालतात (20 असतात). शेवटी रावेरकडची एक मुलगी म्हणाली सर, पप्पा केळीवर फवारतात तेव्हा 15 लिटरच्या पंपाला 30 मिली टाकतात, ते किती टक्के? 0.2 निघालं, आणि तिथून पुढे सगळ्यांचं बरोबर यायला लागलं. माझे दोन तास जिथे वाया गेले तिथे पंपाने पाच मिनिटांत काम केलं, काय बोलणार.

तर विचारायचंय असं, की फर्स्ट इयरच्या पोरांनी अजून पेशंट बघितलेलाच नसतो, त्यांना किडनी आणि हार्ट दातांच्या अंगाने कसं सांगता? आणि किती खोलात जाता, एमबीबीएसइतकं की कमी? डेंटलच्याच कुणी सांगितलं तर फार बरं, तुम्हाला पुढे ओपीडीत यातलं नक्की काय उपयोगी पडलं?

सोमवारी लाळेचं लेक्चर आहे, दुपारी दोनचं, वर हे ऊन. वर्गात चिंच न्यावी म्हणतोय, आधी नुसती दाखवायची, मग एकेक बुटूक तोंडात. कुणी केलंय का असलं काही?